आठवीनंतर एकही मुलगी घरी बसता कामा नये



एप्रिलअखेर पुणे महापालिकेच्या शाळांचे निकाल लागतात आणि आठवी पास झालेल्या मुलींच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडतो. जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरतात. मधल्या सहा-सात आठवड्यांत आपल्या शहरातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण कायमचं संपतं. कुणी त्यांना शाळेतून काढून टाकत नाही, घरात भांडण होत नाही, त्याची कुठे बातमीही येत नाही. मुलगी नववीच्या वर्गात जाऊन बसत नाही, एवढंच.

ही गळती थांबवायची तर याच आठवड्यांत थांबवावी लागेल. सप्टेंबरात केलेलं सर्वेक्षण उपयोगाचं नसतं. तोवर मुलीला घरकामाची सवय झालेली असते, धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्यावर पडलेली असते, कुठे कुठे स्थळंही येऊ लागलेली असतात. म्हणून आज आपल्याला हात जोडून सांगायचं आहे: आपल्या वस्तीतली, सोसायटीतली, ओळखीतली आठवी झालेली प्रत्येक मुलगी जूनमध्ये नववीत बसली आहे ना, हे आपण स्वतः जाऊन पाहा. आणि आठवीनंतरच्या मुलींची जबाबदारी महापालिकेने घ्यावी, ही मागणी घेऊन आपल्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांच्या दारात उभे राहा.

दाखल्यानंतर काय होतं?

तो दाखला एकदा नीट पाहा. एका पानाचा कागद. मुलीचं नाव, आईचं नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, वर्तणूक, आणि तळाकडे एक रकाना: शाळा सोडण्याचं कारण. तिथे ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहायचा शिरस्ता आहे. लिहिणाऱ्या शिक्षकाची भावना खरीच असते. पण पुढील शिक्षण कोणत्या शाळेत, हे त्या कागदावर नसतं आणि ते विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. दाखला घरी जातो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि वीजबिलांच्या सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या कपाटात ठेवला जातो. जुन्या शाळेच्या हजेरीपटावरून नाव उतरलेलं असतं आणि नव्या हजेरीपटावर चढलेलं नसतं. शाळा-विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या यू-डायस प्रणालीत पुढच्या शाळेने अशा मुलीला जोडून घेतलं नाही, तर तिचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाऊन पडतं. शिक्षकांना हा शब्द चांगला माहीत आहे. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे एक घर आहे आणि त्या घराचं दार वाजवायला कुणीतरी जायला हवं.

मुली का थांबतात, हे आईबापांना विचारलं तर उत्तरं सरळ असतात. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत; माध्यमिक विद्यालयं मोजकी. अनुदानित शाळांमध्ये पाचवीपासूनच्या तुकड्या असतात, त्यामुळे नववीत बाहेरून येणाऱ्या मुलीला ‘जागा नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं. विनाअनुदानित शाळेची फी परवडत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांमधून खासगी शाळेत शिकलेल्या मुलांची फीमाफीही आठवीलाच संपते आणि नववीच्या उंबरठ्यावर पूर्ण फीचा कागद समोर येतो. घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर ते कुणावर खर्च होतात हे आपल्याला सांगायला नको.

मग अंतर येतं. जनता वसाहतीच्या उतारावरून, अप्पर इंदिरानगरहून, रामटेकडीहून किंवा नऱ्हे, किरकटवाडी, वाघोली, मांजरी अशा समाविष्ट गावांतून नववीची शाळा गाठायची तर दोन बस, कोंबून भरलेली गर्दी आणि संध्याकाळी अंधारात घरी परतणं. आई सकाळी धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडते, वडील रोजंदारीवर. ‘तिला काही झालं तर?’ या काळजीपोटी आईबाप मुलीला घरी ठेवतात. त्या काळजीला नावं ठेवून भागणार नाही. शाळा जवळ आणली, रस्ता सुरक्षित केला, तरच ती काळजी जाईल. आणि ही दोन्ही कामं महापालिकेला करता येण्याजोगी आहेत.

कायद्याची रेघ आठवीवर

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ या वयासाठी आणि पहिली ते आठवीसाठी आहे. आपल्या महापालिकेचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. त्यातल्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा, साफसफाई, दिवाबत्ती यांच्या बरोबरीने प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. त्यापुढचं शिक्षण कलम ६६ मध्ये, ऐच्छिक कामांमध्ये येतं. म्हणजे आठवीपर्यंत शाळा चालवणं महापालिकेला भाग आहे आणि नववीचा वर्ग काढणं तिच्या मर्जीवर आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. मर्जीवर आहे याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. आजही महापालिका काही माध्यमिक विद्यालयं चालवते; कायदा तिला अडवत नाही. आणि महापालिकेची मर्जी म्हणजे सभागृहाची मर्जी. ते सभागृह आपल्या मतांवर निवडून येतं. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासकांचा कारभार होता. तेव्हा गाऱ्हाणं सांगायचं तर कुणाला, असा प्रश्न होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १६५ नगरसेवक सभागृहात आले आहेत. २०११ च्या दुरुस्तीमुळे त्यांतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. प्रचारात त्यांनी आपल्या दारात येऊन हात जोडले होते. आता आपली पाळी आहे.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही

मुलींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की आपण अभिमानाने १८४८ सालच्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेचं नाव घेतो. घ्यायलाच हवं. पण ती शाळा काढणाऱ्या महात्मा फुल्यांच्या आयुष्यातला आणखी एक अध्याय पुणेकरांनी लक्षात ठेवायला हवा. १८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर खर्च करण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं सांगून जोतीरावांनी विरोधात मत दिलं. बत्तीस सभासदांत ते एकटे होते. दोन वर्षांनी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करण्याची मागणी केली. गावाच्या तिजोरीतला पैसा कुणासाठी, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारायचा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून आलेल्या कायद्याने नगरपालिकांना आपापल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात वाद पेटला तो एकाच मुद्द्यावर: ही सक्ती मुलींनाही लागू करायची की आधी फक्त मुलांना? पैसे अपुरे आहेत, मुलांपासून सुरुवात करू, मुलींचं नंतर पाहू, असं सांगणारे कमी नव्हते. मोठमोठे पुढारीही त्या बाजूला होते. तेव्हा, १९२० च्या सुमारास, रमाबाई रानडे पुढे झाल्या. सेवासदन या महिला संस्थेच्या आणि शहरातल्या बायका मिरवणुकीने रस्त्यावर उतरल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या काळात घरंदाज बाईने चार लोकांत बोलणंही वावगं मानलं जाई, त्या काळात त्या बायकांनी नगरपालिकेला जाब विचारला.

‘पैसे नाहीत, मुलींचं नंतर पाहू’ हे वाक्य आजही ऐकू येतं. फरक एवढाच की आज ते उघडपणे कुणी म्हणत नाही. तरतूद कमी ठेवली जाते, वर्ग मंजूर होत नाही, इमारत रखडते आणि वाक्य न उच्चारताच खरं ठरतं.

पैसा आहे, तो वळवायला हवा

पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक बारा हजार कोटी रुपयांच्या वर गेलं होतं. हा पैसा आपल्या मिळकतकरातून, आपल्या बांधकाम शुल्कातून, राज्याकडून येणाऱ्या आपल्याच करांतून जमतो. महापालिका शिक्षणासाठी काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्या शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना ती पीएमपी बसचा मोफत पास देते. दहावीला आणि बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना अनुक्रमे १५ हजार आणि २५ हजार रुपयांचं अर्थसाहाय्य देते. राज्य सरकारही मागे नाही: अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फीमाफी आहे आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही शिक्षण शुल्कमाफी मिळते.

पण या सगळ्या योजना पाहा आणि विचार करा, त्या कुणापर्यंत पोचतात? शाळेत टिकलेल्या मुलीपर्यंत. दहावी झालेल्या मुलीपर्यंत. बारावी झालेल्या मुलीपर्यंत. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलीपर्यंत. जी मुलगी आठवीनंतर घरी बसली, तिच्यासाठी यांतलं काहीच नाही. बारावीनंतरची फी माफ करायची आणि नववीचं दार बंद ठेवायचं, यात त्या मुलीच्या पदरात काय पडलं? आधी तिला नववीत पोचवू या, मग पुढच्या सवलती तिच्या कामी येतील.

महापालिकेकडे आपल्या मागण्या

नगरसेवकांकडे जाताना ‘मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष द्या’ असं मोघम बोलू नका. मोघम मागणीला मोघम आश्वासन मिळतं. पुढल्या मागण्या लेखी द्या, पोच घ्या.

१. आठवीचा दाखला देण्याआधीच नववीची जागा नक्की झाली पाहिजे. मुलगी कोणत्या शाळेत जाणार हे मुख्याध्यापकांनी पालकांशी बोलून ठरवावं आणि जागा मिळत नसेल तर ती मिळवून देण्याची जबाबदारी शिक्षण विभागाने घ्यावी.

२. दरवर्षी ३० जूनला प्रत्येक प्रभागाचा हिशोब जाहीर व्हावा: महापालिकेच्या शाळांतून किती मुली आठवी पास झाल्या, किती नववीत बसल्या, किती राहिल्या. आकडे सर्वांसमोर ठेवावेत. मुलींची नावं मात्र शाळेपाशीच राहावीत, कारण त्यांच्या अब्रूची आणि सुरक्षेची काळजी आधी घ्यायला हवी.

३. जिथे चालत जाण्याच्या अंतरावर माध्यमिक शाळा नाही, तिथे महापालिकेच्या शाळेतच नववी-दहावीचे वर्ग सुरू करावेत. इमारती उभ्या आहेत. अनेक ठिकाणी एका सत्रात वर्ग रिकामे असतात. मोठ्या वस्त्या आणि समाविष्ट गावं यांचा नंबर आधी लागावा.

४. मोफत पास आहे, पण शाळा सुटण्याच्या वेळी बस नाही, असं होता कामा नये. मुलींच्या शाळांच्या वेळा पाहून पीएमपीने फेऱ्या ठरवाव्यात. थांब्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लागले पाहिजेत.

५. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी असावी, पाणी असावं, पाळीच्या दिवसांत वापरण्याजोगी सोय असावी. ही सोय नसली की मुली महिन्यातून चार-चार दिवस घरी राहतात, अभ्यासात मागे पडतात, आणि मागे पडलेल्या मुलीला शाळेतून काढणं घरच्यांना सोपं जातं.

६. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका असावी. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे दहावीचा अभ्यास करायला जागाच नसते.

महिला व बालकल्याण समितीने या मागण्या आपल्या हाती घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. समितीच्या सदस्य भगिनींनो, शिलाई यंत्रं वाटणं चांगलंच, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात आधी नववीचं पुस्तक पडलं पाहिजे.

नागरिकांच्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. २००६ पासून पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपण आपल्या भागातलं काम सुचवू शकतो. आजवर आपण पदपथ, बाक, दिवे सुचवत आलो. यंदा प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने एक अर्ज महापालिकेच्या शाळेसाठी भरावा: वर्गखोलीची दुरुस्ती, मुलींचं स्वच्छतागृह, अभ्यासिका. मोहल्ला समितीच्या बैठकीला जा. तिथे खड्डे आणि पाणी यांच्यासोबत ‘आपल्या प्रभागातल्या किती मुली नववीत गेल्या?’ हा प्रश्न दर वेळी विचारा. दोन-तीन बैठकांमध्ये तोच प्रश्न आला की अधिकारी आकडे घेऊन येऊ लागतील.

ज्यांच्या घरी ताई, मावशी कामाला येतात, त्या गृहिणींना विशेष विनंती. त्यांची मुलगी कितवीत आहे, एवढं विचारा. आठवी झाली असेल तर तिचा दाखला आणि गुणपत्रक पाहा, जवळच्या शाळेत फोन करा, प्रवेशाच्या दिवशी मावशींना सुट्टी द्या. त्या दिवसाचे पैसे कापू नका. शाळेच्या कार्यालयात आपण सोबत गेलात तर मिळणारं उत्तर बऱ्याचदा बदलतं. हे खेदाचं आहे, पण ते बदलेपर्यंत त्याचा उपयोग करून घेऊ या.

निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनो, आपल्या अनुभवाची आज गरज आहे. नववीच्या गणिताची आणि इंग्रजीची भीती हे मुली गळण्याचं मोठं कारण आहे. मे महिन्यात चार-पाच मुलींना घरी बोलावून आठवीचा पाया पक्का करून द्या. महाविद्यालयातल्या तरुणींनो, तुमच्यातल्या एकेकीने वस्तीतल्या एका मुलीची दोन वर्षांसाठी ताई व्हावं.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, वस्तीतलं प्रत्येक घर तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या घरात आठवी झालेली मुलगी आहे हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. वर्गणीसाठी जसे दारोदार जाता, तसे यंदा मे महिन्यात एकदा जाऊन या. मंडळाच्या जागेत संध्याकाळी दोन तास मुलींची अभ्यासिका चालवा. सोबत वस्तीतल्या एखाद्या आजींना बसवा, म्हणजे आईबाप निश्चिंत राहतील.

संस्थाचालकांनो, या शहरातल्या जुन्या शिक्षणसंस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, १९०९ साली सेवासदन, १९१६ साली हिंगण्यात महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ. त्या काळी एकेका मुलीसाठी संस्थेची माणसं घरोघर जाऊन पालकांची समजूत घालत. महापालिकेच्या शाळेतून आलेल्या मुलीला आज ‘तुकडी भरली’ म्हणून परत पाठवू नका. दोन बाकं जास्त घाला.

ज्यांची शाळा मागेच सुटली, त्या भगिनींना

हे आवाहन तुमच्यासाठीही आहे. दहावी-बारावीला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. मंडळ दरवर्षी हे अर्ज मागवतं. कपाटातला तो जुना दाखला शोधून काढा, तोच आता उपयोगी पडेल. दिवसा काम असेल तर रात्रशाळा आहेत. वय झालं, असं म्हणू नका.

पुण्यातच एक मोठी गोष्ट घडली आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलींना शिकवू लागल्या. त्या कामातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. अक्षरओळखीच्या वर्गापासून सुरू झालेली वाट महापालिकेशी बरोबरीने करार करण्यापर्यंत गेली. आपल्या दारात रोज येणाऱ्या त्या भगिनींकडे पाहा. शिकण्याने आणि एकत्र येण्याने काय होतं, हे त्यांना विचारा.

आईवडिलांनो, शेवटची विनंती तुम्हाला. तुमची काळजी खरी आहे, तुमची ओढाताण खरी आहे. पण आज मुलीला घरी ठेवल्याने ती सुरक्षित राहील असं वाटत असेल, तर पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करा. नवऱ्याची नोकरी सुटली, आजारपण आलं, घर सोडावं लागलं, तर तिच्या हाताशी काय असेल? अठराच्या आत लग्न लावणं हा तर कायद्याने गुन्हा आहे. तिला दहावी करू द्या, बारावी करू द्या. अडचण आली तर एकटे राहू नका. शाळेत जा, नगरसेवकांकडे जा, शेजाऱ्यांना सांगा.

पुणेकरहो, १९२० साली रमाबाईंसोबत बायका रस्त्यावर उतरल्या, म्हणून मुलींच्या शाळेचा प्रश्न नगरपालिकेला टाळता आला नाही. आज सभागृहाचा निम्मा भाग महिलांचा आहे, मत आपलं आहे आणि पैसाही आपलाच आहे. आता प्रश्न विचारणाऱ्यांची गर्दी हवी.

या आठवड्यात तीन कामं करा. ओळखीतल्या एका तरी घरी जाऊन ‘नववीचा प्रवेश झाला का?’ असं विचारा. झाला नसेल तर त्या मुलीसोबत शाळेत जा. आणि वरच्या सहा मागण्यांचं पत्र आपल्या नगरसेवकांना देऊन त्याची पोच घ्या. मग ३० जूनला प्रभागाचा आकडा मागायला क्षेत्रीय कार्यालयात या. आम्ही तिथे असू. आपणही या, शेजाऱ्यांना घेऊन या.